धाग्याचे दुसरे टोक

त्या रानात प्रत्येक शिंपी पक्ष्याचे घर म्हणजे एक शिवलेले पान होते. पाने मुबलक होती, टोचायला चोच होती. घोडे अडत असे ते धाग्यापाशी.

जुनी रीत अशी होती की सावरीचा कापूस चोचीने पिळायचा, पानातून ओवायचा आणि प्रत्येक टाक्याचे टोक बाहेरच्या बाजूला कुस्करून त्याची गाठ करायची. गाठ ज्याची त्यानेच मारायची. लेकीच्या टाक्याला आईसुद्धा चोच लावत नसे. पण काम फार किचकट. एका पानात चोच सोलवटून निघे.

म्हणून रानात साधनांचा बाजार भरू लागला. साळुंकीने डिंक आणला. तो घट्ट चिकटे, मात्र दर अमावस्येला नवा थर दिला नाही तर आपोआप सुटे. साळिंदराकडे एक काटा होता. तो टोचे, कापे, उकरे, आणखीही बरेच काही करी. तो पेलण्याची ताकद एकाही शिंप्याच्या मानेत नव्हती, तरी अनेकांनी तो घेऊन दारात मिरवायला ठेवला.

मग दोन झाडांच्या मध्ये एक कोळी येऊन बसला आणि धागा फुकट वाटू लागला. रुपेरी, मऊ, पिळण्याची गरजच नसलेला. अट एकच, तीही हसत सांगितलेली.

"गाठ तेवढी मारू नका. ते टोक माझ्याकडं राहू द्या. कुठं उसवलं तर मी इथूनच ओढून देईन. तुम्हाला कशाला त्रास?"

पूर्वी याच पक्ष्यांनी त्याला दिसताक्षणी गिळले असते. पण फुकट देणाऱ्याला खाणार कोण?

अशा दिवसांत बारकी नावाची तरुण शिंपीण मोठ्या पाण्यापलीकडच्या रानातून शिकून परतली. तिकडे सगळे पक्षी एका फांदीवर बसून मिळून कापूस पिळत. धागा हवा त्याने न्यावा, उलगडून त्याचा पीळ पाहावा, जमल्यास सुधारावा. हे आपल्या रानातही का होऊ नये, या विचाराने बारकीला झोप येत नसे. ती दारोदार फिरली.

"स्वतःच्या घराचं टोक दुसऱ्याच्या हाती कसं देता हो?" ती कळवळून विचारी.

शेजारच्या गोदाकाकू पिसे साफ करता करता म्हणाल्या, "अगं, माझ्या पानात आहे काय असं लपवण्यासारखं?"

"लपवायचं नाही काकू, पण घर तुमचं आहे ना?"

"घर आहे म्हणूनच लवकर व्हायला हवं. तू बस पीळ देत. अंड्यावर आलीस की बघू तुझी तत्त्वं किती दिवस तग धरतात ते!"

सगळी फांदी खिदळली. चारदोन तरुण पक्षी मात्र बारकीच्या फांदीवर आले. कापूस पिळू लागले. पण पीळ डावीकडून द्यायचा की उजवीकडून, यावर त्यांचे बिनसले. निम्मे दुसऱ्या फांदीवर गेले, तिथेही भांडले, आणि अखेर सगळेच कोळ्याकडे गेले. बारकी एकटीच पिळत राहिली.

पुढच्या वसंतात तिच्या पोटात अंडी होती आणि पान अर्धेच शिवलेले होते. सावरीची बोंडे वेचायला कुणी जात नव्हते. वेळेवर न वेचलेला कापूस वाऱ्याने कधीच उधळला होता. उरल्यासुरल्या कापसाने तिने घातलेले टाके दुपारच्या वावटळीत फाटले.

"अंडं पानात घालणार आहेस की हवेत?" तिचा जोडीदार भिरू एवढेच म्हणाला.

बारकी मान खाली घालून कोळ्याकडे गेली. तिने त्याच्याविरुद्ध केलेल्या भाषणांचा त्याने उल्लेखही केला नाही.

"या, ताई," तो म्हणाला. "तुमच्या पानाच्या मापाचा धागा कधीचाच काढून ठेवलाय."

शिवण सुरेख झाली. प्रत्येक टाक्याच्या शेवटी तिची चोच सवयीने गाठीकडे वळे आणि थबके. पिल्ले उडाली की सगळे उसवून कापसाने शिवीन, असे तिने स्वतःला बजावले. मग तीन अंडी घालून ती त्यांवर बसली.

एका दुपारी पोटाखाली बारीकशी टकटक झाली. बारकीने श्वास रोखला. भिरू चाऱ्याला गेला होता, त्यालाही अजून ठाऊक नव्हते. पुन्हा टकटक झाली, कवचाला तडा गेला, आणि पान किंचित थरारले. दूर, दोन झाडांच्या मध्ये, कोळ्याच्या पायाखालचे टोकही थरारले. त्याने एक पाय उचलून दुसऱ्या धाग्यावर ठेवला आणि तो हलकेच हलवला.

कवचातून पहिली ओली चोच बाहेर यायच्या आतच खालून आरोळी आली. "अळ्याऽ! आजच निघालेल्या पिल्लांसाठी मऊ अळ्याऽऽ!"

बारकीने पानाच्या फटीतून वाकून पाहिले. तिच्या पानापासून निघालेल्या रुपेरी धाग्याच्या कडेकडेने रांग लागली होती. पुढे अळ्यावाला सरडा होता. त्याच्यामागे कोवळ्या पिसांचे अंथरूण घेतलेला बुलबुल. आणि त्याच्यामागे एक लांबलचक धामण, कुणालाही न ढकलता, आपली पाळी येण्याची शांतपणे वाट पाहत होती.