तर्जनी आडवी होते

गिटार नुकती घरोघरी पोहोचू लागली होती, त्या काळी शर्वाणीच्या डाव्या हाताला प्रथमच प्रतिष्ठेचे काम मिळाले. तीर्थप्रसाद घ्यावा, अक्षता टाकाव्यात, अक्षर गिरवावे, ते उजव्याने. डाव्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या जे येई, ते चारचौघांत सांगण्याजोगे नाही. आता मात्र सूर डावा ठरवी आणि उजवा केवळ तारा छेडी.

घोडे अडले ते एफ नावाच्या कॉर्डपाशी, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या जुडीपाशी. तिच्यासाठी तर्जनीने सहाही तारांवर सपाट आडवे व्हायचे होते. तर्जनीचे तर नावच दटावण्यावरून पडलेले. ती अर्धवट टेकत असे आणि तार बद्द वाजली, की करंगळीवर खेकसत असे, "तुझ्यामुळे!"

अखेर शर्वाणी वैतागली. "आज जमलं नाही, तर गिटार माळ्यावर!"

बोटे हादरली. "ताई," अंगठा गिटारीच्या मानेमागून तर्जनीला म्हणाला, "ती माळ्यावर गेली, की आपण कुठे जाणार, ठाऊक आहे ना?"

"न्हाणीघरात," अनामिका पुटपुटली.

"म्हणून मी लोटांगण घालू?" तर्जनी फणकारली. "लोक काय म्हणतील?"

"गाणं म्हणतील," करंगळी उत्तरली.

तर्जनी निमूट आडवी झाली. कॉर्ड खणखणीत वाजली; फक्त मध्यमेखालची तार किंचित खरखरली. मध्यमेकडे बोट दाखवण्यासाठी तर्जनी सवयीने उठणार होती. पण उठल्यास आपल्याखालच्या तारा मुक्या होतील, हे उमगून ती तशीच पडून राहिली. शर्वाणी गाऊ लागली.