दस्तगीर मिस्त्रीची दोन तोंडांची नाव

फार वर्षांपूर्वी, धरणाचं पाणी अजून नवं होतं, तेव्हा पानवडी आणि उंबरठाण या दोन गावांमधली वाट पाण्याखाली गेली. सरकारने दोन्ही गावांना ॲल्युमिनियमची एकेक नाव दिली. नावा एकाच साच्यातल्या, आणि इतक्या आखूड की माणसाला त्यांत बसता येई, आडवं होता येत नसे. दवाखाना मात्र उंबरठाणला होता.

तेव्हा पानवडीत दस्तगीर मिस्त्री राहत असे. धरणाच्या लोखंडी दारांचं वेल्डिंग करायला आलेला माणूस. काम संपलं, सगळे गेले, तो राहिला. का राहिला याची तीन-चार कारणं सांगतात. मला एकही नीट पटलेलं नाही.

पानवडीची अनुसया पहिल्या बाळंतपणाला नावेत गुडघे पोटाशी घेऊन बसून गेली होती. बाळ वाचलं नाही. दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले तेव्हा ती मिस्त्रीला म्हणाली, "चाचा, मला निजून जाता येईल एवढी नाव करून द्या."

"एका नावेची लांब नाव होत नाही, पोरी," मिस्त्री म्हणाला. "दोन लागतील."

उंबरठाणचे आबा सरनाईक हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आमची नाव कापायची आणि तोंड तुमचं ठेवायचं?"

"दोन्ही तोंडं ठेवतो," मिस्त्री म्हणाला. "तुमच्याकडे येताना तुमचं पुढे. भांडायलाही सोयीचं."

कुणी हसलं नाही. तेव्हा अनुसया पुढे आली. ती उंबरठाणचीच लेक. "आबा, मागल्या खेपेला मी माहेरच्या काठाला लागले, ती रिकाम्या ओटीनं."

आबा उठले आणि आपली नाव स्वतः ओढत काठावर घेऊन आले.

मिस्त्रीने दोन्ही नावांचे मागचे आखूड भाग कापून टाकले आणि पुढचे लांब भाग पाठीला पाठ लावून ठेवले. लोखंड तापलं की लाल होतं. नावेचं ॲल्युमिनियम रंग न बदलताच वितळतं. पहिल्याच जोडाला तळहाताएवढं भोक पडलं. लोक म्हणाले, आता दोन्ही गावं पोहत जाणार. मिस्त्रीने भोकाला ठिगळ लावलं आणि जोडाच्या कडेने धुण्याच्या साबणाची रेघ ओढून पाहिली. रेघ काळी पडली की पत्रा पुरेसा तापला; तेवढ्यात जोड भरून घ्यायचा. असं म्हणतात की साबणाची ती वडी शेवटपर्यंत झिजलीच नाही. मला हे खरं वाटत नाही. पण दोन्ही गावांतल्या म्हाताऱ्या हेच सांगतात, आणि दुसऱ्या कशावरही त्यांचं एकमत होत नाही.

जोड निवला त्याच दिवशी अनुसयेला कळा सुरू झाल्या. तिला नावेत निजवलं. पाय सरळ पसरता आले. असं म्हणतात की वारा समोरून होता, तरी वल्ही मारावी लागली नाहीत. पाण्याच्या मधोमध, अगदी जोडावर, मुलगी जन्मली आणि तिचं रडणं दोन्ही काठांना एकदम ऐकू गेलं. नावेत थेंबभर पाणी आलं नाही.

पुढे कितीतरी आजारी माणसं त्या नावेतून निजून गेली. असं म्हणतात की निजणारा उंच असला तर नाव वीतभर वाढे.

मिस्त्रीची कबर कुठल्या काठाला आहे यावर अजून वाद आहे. ती नावही आता नाही. पण आजही कुठल्याही काठाला नवी नाव पाण्यात सोडण्याआधी गावातल्या सगळ्यांत उंच माणसाला तीत आडवं निजवतात. काठावरून कुणीतरी विचारतं, "पाय पुरले का?" आतून "पुरले, चाचा," असं उत्तर आलं तरच नारळ फुटतो. नाहीतर नाव पुन्हा कापायला घेतात.