खांब उभा आहे तोवर

करंजपेठेच्या बाजारात मधोमध एक जुनापुराणा दगडी खांब होता. सौदा असो की सोयरीक, लोक खांबाला हात लावून बोलत. मग खांब उभा आहे तोवर तो शब्द पक्का!

एकदा नव्या सुभेदाराचा मेणा त्या खांबाला घासला. सुभेदार भडकला. "आत्ताच्या आत्ता पाडा हा धोंडा!"

भाजीवाली ठकू माळीण हसली. "पाडू की, सरकार! पण तुम्ही सुभेदार झाल्याची दवंडी याच खांबाला हात लावून पिटली होती. खांब पडल्यावर तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, तेवढं सांगून ठेवा."

सुभेदाराने मेणा वळवला. जाताजाता मात्र, खांब हलत तर नाही ना, हे त्याने दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.