न पळणारा शंख

समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या एका गावात फार पूर्वी एक भाऊ आणि एक बहीण राहत. भावाचे नाव पोशा, बहिणीचे मथी. ओहोटी लागली की दोघे होडी घेऊन खडकांपाशी जात, बुडी मारत आणि खडकाला चिकटलेली कालवे काढून आणत. हे काम त्यांना त्यांच्या आईने शिकवले होते. आता ती हयात नव्हती.

आईने कालवे काढायला शिकवण्याआधी, कशाला हात लावायचा नाही ते शिकवले होते. शेपटीत विषारी काटा असलेला पाकट मासा वाळूत दडून बसतो, म्हणून उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकायचे नाही, घासत न्यायचे. दगडाला काटे दिसले तर तो दगड नव्हे, विषारी मासा. डंख करणारे, निळसर फुग्यांसारखे दिसणारे जीव किनाऱ्यावर वाळत पडले असले तरी त्यांना शिवायचे नाही. आणि नक्षीचा निमुळता शंख जिवंत असेल, तर त्याच्यापासून चार हात दूर.

"समुद्रातला जो जीव तुम्हाला पाहून पळत नाही," ती म्हणायची, "त्याच्याजवळ तुम्हाला पळवायची काहीतरी सोय असते."

मथीने हे सारे मनात धरले. पोशाने ऐकले आणि सोडून दिले. त्याच्याइतका वेळ पाण्याखाली श्वास रोखणारा गावात दुसरा कोणी नव्हता. लोक त्याचे कौतुक करत आणि त्याला ते आवडे. मथी उतरण्याआधी तळ न्याहाळत बसली की तो हसायचा.

"भित्री भागूबाई! तुझं बघून होईस्तोवर भरती येते."

"येऊ दे की, दादा. उद्या परत ओहोटी आहेच."

एके दिवशी सकाळी पोशाला खडकाच्या कपारीत एक शंख दिसला. बोटभर लांब, एका टोकाला निमुळता, अंगावर विणलेल्या कापडासारखी तपकिरी नक्षी. तो वाळूवरून सावकाश सरकत होता. पोशाने तो उचलला आणि वर आला.

"मथे, बघ काय मिळालं! माझ्या लेकीच्या पाळण्यावर टांगतो."

मथीचा चेहरा उतरला. "दादा, तो जिवंत आहे. आईनं सांगितलेला तोच हा. होता तिथं ठेव."

"एवढीशी गोगलगाय ती! मला काय करणार?"

"तुला पाहून तो आत तरी शिरला का?"

पोशाने शंख कमरेच्या कापडी पिशवीत टाकला आणि पुन्हा बुडी मारली.

पाण्याखाली त्याच्या कमरेला काहीतरी टोचले. पिशवीच्या कापडातून सुई लागावी, एवढेच. वर येऊन त्याने ते मथीला हसतच सांगितले. थोड्या वेळाने त्याचे ओठ बधिर झाले. मग जीभ जड झाली. मथीने त्याला कसेबसे होडीत ओढून घेतले, पिशवी सोडून बाजूला टाकली, तोवर त्याच्या पापण्या मिटल्या होत्या. मग त्याची छाती हलेनाशी झाली.

मथीला आईचे एक बोलणे आठवले. असा डंख झालेला माणूस आईने एकदा पाहिला होता. "काळीज चालतं," ती म्हणाली होती, "छातीला तेवढा श्वास घेता येत नाही. कुणी त्याच्यासाठी श्वास घेतला, तर विष उतरेपर्यंत माणूस टिकतो."

मथीने भावाचे नाक धरले, त्याच्या तोंडाला तोंड लावले आणि आपला श्वास त्याच्या छातीत भरला. मग दुसरा. मग तिसरा. वल्ही मारायला हात मोकळे नव्हते. दोन श्वासांच्या मध्ये ती मदतीसाठी ओरडत राहिली. शेवटी दुसऱ्या एका होडीने ते ऐकले आणि त्यांची होडी दोराने किनाऱ्याला ओढून आणली.

गाव जमले, पोशाची बायकोही धावत आली. गावच्या पाटलाने पोशाच्या नाकासमोर हात धरला.

"पोरी, तो गेला. सोड आता. दिवस आहे तोवर पुढचं उरकू या."

मथीला बोलायला सवड नव्हती. तिने पाटलाचा हात ओढून पोशाच्या छातीवर दाबला. आत ठोके पडत होते.

"काळीज त्याचं चालतंय," ती धापा टाकत म्हणाली. "श्वास तेवढा माझा आहे."

पाटील मागे सरला. पण लोकांची कुजबुज थांबली नाही. कोणी म्हणाले, दुःखाने हिचे डोके फिरले. दोघेजण चितेसाठी लाकडे आणायला निघूनही गेले. मथी थकली तेव्हा तिने पोशाच्या बायकोला कसे करायचे ते दाखवले, आणि दोघी आळीपाळीने श्वास देत राहिल्या. दुपार झाली. ऊन कलले.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा पोशाचे एक बोट हलले. मग त्याच्या छातीने आपणहून एक छोटासा श्वास घेतला. मथीने ओंजळीत तोंड लपवले आणि ती दिवसभरात प्रथमच रडली.

दुसऱ्या दिवशी पोशा बोलू लागला. होडीत पडलेला शंख ठेचायला एकाने दगड उचलला, तेव्हा त्याने हाताने थांबवले.

"राहू दे. तो माझ्या घरी आला नव्हता. मीच त्याला उचललं."

मथीने शंख वल्ह्याच्या पात्यावर घेतला आणि खोल पाण्यात सोडून दिला.

संध्याकाळी पाटील भेटायला आला. मथी भावाच्या उशाशी बसली होती.

"पाटीलकाका," पोशा म्हणाला, "मला हलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. तुम्ही सगळे लाकडांचं बोलत होता तेव्हा दर वेळी वाटायचं, तुमचंच खरं. आणि मग हिचा पुढचा श्वास यायचा."

तात्पर्य एवढेच: सावधपणाला भित्रेपणा म्हणू नये. धोका ज्याला आधी दिसतो, संकटात तोच जास्त वेळ टिकून उभा राहतो.