महागोळ्याची पालखी

उभेनगरच्या भडकसेन राजाने भोयांच्या मुकादमाला, लखोबाला, तुरुंगात टाकलं. कारण लखोबाच्या भोयांनी राजाचा महागोळा खांद्यावर घ्यायला साफ नकार दिला होता. गोळाही तसाच भयंकर! फुटला तर उभेनगर राख, नदीपलीकडचं पैलनगर राख, आणि पुढे शंभर वर्षं गवताची काडी उगवायची नाही. तरी राजा दर सणाला त्याची पालखी मिरवायचा. पैलनगरच्या कडकसेन राजाकडेही असाच गोळा, अशीच पालखी. भोयांची संघटना मात्र दोन्ही काठांवर एकच. दोन्हीकडच्या भोयांनी एकाच दिवशी काम थांबवलं आणि सांगितलं, गोळे मोडा.

दोन्ही राजांचं उत्तरही एकच होतं. आधी त्याचा मोडू दे!

लखोबाची मुलगी साळू बापाला सोडवायला दरबारात आली. राजा मिशीला पीळ देत म्हणाला, "शत्रूचा गोळा आठ दिवसांत माझ्या अंगणात आणून ठेव. लढाई नको, चोरी नको. नाही जमलं तर तुझ्या बापाचा कडेलोट."

दरबार खो खो हसला. साळू हसली नाही.

"महाराज, आपला गोळा शेवटी पडायचा कुठं?"

"पैलनगरात. आणखी कुठं?"

"मग आजच तिथं नेऊन ठेवू की. फेकायची दगदग वाचंल."

राजाला हे इतकं पटलं की, एवढी साधी गोष्ट कधी सुचली नाही म्हणून त्याने प्रधानाकडे डोळे वटारले. साळूने संघटनेतून निरोप धाडला आणि पलीकडच्या भोयांनी कडकसेनलाही हीच अक्कल दिली. तोही खूश. गोळा उचलायला नकार देणारे भोई या एका खेपेला मात्र आनंदाने तयार झाले.

आता परक्या भोयाला वेशीत घ्यायचं नाही, असा दोन्हीकडे कायदा. पण भोयांची रीत जुनी. ओझं वाटेत टेकवायचं नाही, दमलेल्याने खांदा काढायचा, ताज्याने द्यायचा. पुलाच्या मधोमध त्यांनी तेच केलं आणि जो तो दुसऱ्याचा गोळा घेऊन रातोरात आपल्या राजाच्या अंगणात परतला.

सकाळी भडकसेन दात घासत अंगणात आला आणि तांब्या टाकून धान्याच्या कोठीत लपला. आतूनच ओरडला, "शत्रूचा गोळा, माझ्या तुळशीपाशी! मोडा! आत्ताच्या आत्ता मोडा!"

ज्या लोहारांनी असले गोळे घडवले होते, त्यांनीच जपून जपून तो उकलला. नदीपलीकडूनही तशीच ठोकाठोक ऐकू येत होती. दुपारी राजा अंगावरचा कोंडा झटकत बाहेर आला.

"साळू, माझा गोळा कुठाय?"

"पैलनगरात. ही ठोकाठोक त्याचीच, महाराज."

राजाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी हरलो?"

"छे! शत्रूचा गोळा मोडणारे आपण. असला पराक्रम कुणी केलाय? तिकडं कडकसेन महाराजही हेच म्हणून हत्तीवरून साखर वाटतायत."

राजा पागोटं पडेपर्यंत हसला. आपण दोन हत्तींवरून वाटू म्हणाला, साखरेचं पहिलं पोतं साळूला दिलं, आणि बाकीची उचलायला लखोबाला सोडा असा हुकूम काढला.

लखोबा आला. पोत्याला खांदा द्यायच्या आधी त्याने संशयाने विचारलं, "हे फुटलं तर काय होतं?"

"मुंग्या येतात, बाबा," साळू म्हणाली.