धुक्यातली घंटा आणि मातीचे हात

एका राज्यात येसाजी नावाचा ओतारी होता. त्याची बायको साळू, आणि त्याच्या भट्टीवर तीन माणसं: भाता चालवणारा केरू, साचे घडवणारी तानूमावशी आणि वितळल्या धातूची मूस ओतणारा सोनबा. येसाजी त्यांचा नाईक.

या नाईकानं तरुणपणी एका जादूगाराची सेवा केली होती. जादूगार म्हणाला, "माग." येसाजी म्हणाला, "माझा हात कधी चुकू नये." जादूगार म्हणाला, "नाही चुकणार. पण दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेशील, तर त्याच्या हातांची माती होईल." येसाजी हसला. आपण कुणाचं काम कशाला ओढू, असं त्याला वाटलं. माणसाला आपला स्वभाव ठाऊक असता, तर शाप कुणाला बाधले असते?

मग राज्यावर धुकं उतरलं. कुठून आलं, कुणी धाडलं, कुणाला कळलं नाही. त्यात गेलेलं माणूस परत येत नसे. गुरं गेली, गुराखी गेले, त्यांना शोधायला गेलेले गेले. राजानं येसाजीला बोलावलं.

"कांशाची थोर घंटा ओत. तिच्या नादानं धुकं फाटेल."

"आज्ञा, महाराज."

येसाजी घरी आला आणि तानूमावशीनं मळलेली माती चिमटीत घेऊन म्हणाला, "ही भरड आहे. साळू, तूच जा, नदीची आण." साळू टोपली घेऊन गेली आणि धुक्यात हरवली. दुसऱ्या दिवसापासून तिची हाक ऐकू येऊ लागली. "अहो, वाट कुठंय?" कधी उगवतीकडून, कधी मावळतीकडून. येसाजी धावे, तर हाक भलतीकडेच जाई. आणि दर दिवशी ती बारीक होत चालली.

पहिली घंटा ओतायला घेतली. एवढ्या थोर घंटेला दोन मुशी एकाच दमात ओताव्या लागतात. एक नाईक धरी, एक सोनबा. सोनबाला मूस उचलायला जरा उशीर झाला. येसाजीनं त्याची सांडशी हिसकली. "सोड. तुझ्यानं नाही व्हायचं." एक मूस ओतली, पळत जाऊन दुसरी ओतली. हात चुकला नाही, पण तेवढ्यात पहिला रस थिजला. पहिल्या टोल्याला घंटा उभी चिरली. सोनबाचे हात कोपरापर्यंत मातीचे झाले.

दुसऱ्या घंटेच्या वेळी येसाजीनं मावशीच्या हातातला साचा ओढला, केरूच्या हातातला भाताही ओढला. साच्याशी बसला की भट्टी निवे, भट्टीशी बसला की साचा तडके. घंटा झालीच नाही. अंगणात मातीच्या हातांची तीन माणसं बसली, आणि मधे एक माणूस, ज्याचा हात कधी चुकत नव्हता. धुकं कुंपणापाशी आलं होतं.

तेव्हा भट्टीच्या धुराड्यावर भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि बोलला.

"येसाजी, आपले हात पाठीशी बांधून घे. हुकूम करू नकोस, नुसतं विचारत जा. मातीचे हात काम करतील, तरच हाडामांसाचे होतील."

"आणि चुकले तर?"

"चुकतील."

"मग मी काय करू?"

"बघत राहा." एवढं बोलून पक्षी उडाला.

केरूनं मातीच्या बोटांनी येसाजीच्या मनगटांना दोराची कशीबशी गाठ मारली. येसाजी तानूमावशीसमोर बसला. "मावशी, साचा तडकू नये म्हणून काय करावं?"

मावशीनं आपले मातीचे हात त्याच्यापुढे धरले. मग म्हणाली, "आता विचारतोस होय? हात गेल्यावर?"

येसाजीनं मान खाली घातली. उठला मात्र नाही.

"घोड्याची लीद कालवू मातीत," मावशी म्हणाली. "आणि माझ्या मागं उभा राहू नकोस. अंगावर सावली पडते तुझी."

काम गोगलगायीसारखं चाललं. मळताना मावशीची करंगळी गळून पडली. केरूचा भाता रडत रडत फुगे. साळूची हाक आता कान दिल्याशिवाय ऐकू येईना, आणि एके सकाळी ती आलीच नाही. येसाजी धुक्याकडे तोंड करून बसला. दोर तोडावा, पळत सुटावं, त्याच धुक्यात विरून जावं, असं त्याला झालं. पण आपल्या एकट्याच्या हातानं काय होतं, ते त्यानं दोनदा पाहिलं होतं. तो परतला आणि विचारलं, "माझी मूस कोण धरील?"

केरूला भाता सोडता येईना. मग मावशी म्हणाली, "मी."

तू कधी धरली नाहीस, हे येसाजीच्या ओठावर आलं. ते गिळून तो म्हणाला, "तुला काय लागेल?"

"सोनबानं माझ्याकडे बघत ओतावं. तुझ्याकडे नव्हे."

"ऐकलंस, सोनबा?"

"ऐकलं, नाईक. पहिल्यांदाच कुणी मला माणूस समजून विचारतंय, विसरेन कसा?"

रस उकळला. मुशी उचलल्या. आणि मावशीची मूस वेळेआधीच कलली. येसाजीनं ते पाहिलं. ओरड गळ्यापर्यंत आली, दोर मनगटात रुतला. तो बघत राहिला. सोनबानंही पाहिलं, त्यानं आपली मूस झटकन कलती केली. "घाबरू नको, मावशे, आलो मी." दोन्ही धारा साच्यात एक झाल्या. ओतता ओतता दोघांच्या हातांवरची माती पापुद्र्यांनी गळली, भात्यापाशी केरूची गळली. मावशीची करंगळी तेवढी आली नाही.

घंटा एका अंगाला किंचित घोगरी झाली. केरूनं टोला दिला, आणि धुकं जुन्या लुगड्यासारखं फाटलं. गुराखी दिसले, गुरं दिसली. साळू कुंपणाच्या पलीकडेच बसली होती. केस पांढरे झाले होते, हाका मारून मारून आवाज गेला होता. येसाजीचे हात अजून बांधलेलेच. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला, आणि तिनंच दोर सोडला.

त्या दिवसापासून शापाबरोबर वरही सरला, येसाजीचा हात चुकू लागला, आणि त्याच्या भट्टीची माणसं त्याला ते हसून सांगू लागली. साळूचा आवाज हळूहळू परतला. राजानं नदीकाठची जमीन दिली, वर्षाच्या आत घरात पाळणा हलला, आणि बारशाला बाळाच्या कानात नाव सांगितलं ते तानूमावशीनं. जसं त्यांच्या चुलीला सुख लाभलं, तसं ऐकणाऱ्याच्या चुलीला लाभो.