चौथ्या झोनचा गरम डबा

शिदगोंडा तात्यांचं डोकं पार्सल कचेरीत शिरल्या शिरल्याच तापलं. त्यांची लेक कस्तुरी ओढ्यापलीकडच्या हलगेरीत जेवणाचे डबे करून विकायची. मसाला कांडायला तिला माहेरचं दगडी उखळ हवं होतं. गुडघे गेलेल्या तात्यांनी ते गोणपाटात शिवून कसंबसं गावातल्याच कचेरीत आणलं, तर तिथले कारकून किल्लेदार साहेबांनी पार्सलचा भाव सांगितला तो थेट दिल्लीचा!

“अहो, हलगेरीचा कोंबडा इथं ऐकू येतोय की!”

“ओढ्यापलीकडे दुसरं राज्य. म्हणजे चौथा झोन, सगळ्यात लांबचा. पोचायला पाच दिवस. अंतर कोंबड्यावरनं नाही, नियमानं ठरतं, म्हातारबा. शिकला असतात तर कळलं असतं.”

तात्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. तेवढ्यात सायकलवरून साहेबांचा डबा आला. साहेबांनी झाकण काढलं आणि आमटीची वाफ त्यांच्या चष्म्यावर चढली.

तात्यांनी डब्यावर काठी आडवी धरली. “कुठला रे हा?”

“हलगेरीचा,” सायकलवाला म्हणाला.

“म्हणजे पाच दिवसांपूर्वी निघाला! साहेब, एक तर ही आमटी शिळी म्हणून ओढ्यात ओता, नाहीतर माझं उखळ जवळच्या झोनात घाला.”

रांगेतली माणसं खो खो हसली. साहेबांनी चष्मा पुसला आणि जवळच्या झोनची पावती फाडली.

तात्यांनी काठी काढली. “आता जेवा. माझ्याच पोरीच्या हातचं आहे. मसाला जाडाभरडा लागला, तर उखळ लवकर पोचवा!”